मुलांचे लिहिणे वाचतो कोण?

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकले. पाण्याचे नमुने प्रयोगशाळांत गेले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली, त्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाण्याला हा रंग आला, असा निर्वाळा शास्त्रज्ञांनी दिला. त्याच वर्षी या सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. दूरदूरच्या शहरांतील बातमीदारांनी त्यावर स्तंभच्या स्तंभ लिहिले. परंतु मेहकरहून लोणारकडे जाताना लागणाऱ्या सुलतानपूरसारख्या गावातील तिसरी-चौथीच्या मुलांनी त्याविषयी काय लिहिले, हे कोणी विचारलेही नाही. शाळा मार्चपासूनच बंद होत्या, हे कारण खरे आहे. पण ते पुरेसे नाही.

कारण शाळा उघड्या असत्या तरी काय झाले असते? बहुधा फळ्यावर ‘लोणार सरोवर’ असे शीर्षक आले असते, त्याखाली गुरुजींनी अथवा बाईंनी दहा वाक्ये सांगितली असती, आणि ती पस्तीस वह्यांत पस्तीस वेळा उतरली असती. एखाद्या मुलाच्या आजीने त्या रंगाचा संबंध भगवान विष्णूने मारलेल्या लवणासुराच्या रक्ताशी जोडला असता, एखाद्याच्या काकाने पाणी बाटलीत भरून घरी आणले असते, एखादीला तो रंग आईच्या ठेवणीतल्या लुगड्याचा वाटला असता. यातले काहीच वहीत आले नसते; कारण ते ‘मुद्द्यांत’ नव्हते.

मागणीविना पुरवठा

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर आपल्या प्राथमिक शाळांत लेखनाचा पुरवठा उदंड आहे. मागणी मात्र मुळीच नाही. शुद्धलेखन, प्रश्नोत्तरे, उतारे, रिकाम्या जागा, निबंध यांनी मुलाच्या वह्यांमागून वह्या भरतात. पण या लिखाणाची वाट पाहणारा एकही माणूस जगात नसतो. ते वाचणारा एकच, आणि तोही मूल काय सांगते आहे हे जाणून घेण्यासाठी वाचत नाही. ते कोठे चुकले हे शोधण्यासाठी वाचतो. गाईला चार पाय असतात हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच ते पुन्हा लिहून कळवायचे, अशी ‘गाय’ या निबंधामागची सारी व्यवस्था आहे. एखाद्या प्रौढ माणसाला रोज अशी पत्रे लिहावयास लावली, तर तोही चौथ्या दिवशी दुसऱ्याचे पत्र पाहून उतरवू लागेल. मुले निबंधाची गाइडे पाठ करतात म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही, तो माल स्वतः तयार करण्याचे कष्ट कोण घेईल?

मुलांनी एकत्र बसून, दुसऱ्या कोणासाठी तरी लिहावे, या कल्पनेचे महत्त्व येथे आहे. तिला भित्तीपत्रक म्हणा, हस्तलिखित म्हणा, वर्गाचे वर्तमानपत्र म्हणा किंवा हल्लीच्या काळातील वर्गाची सामाईक अनुदिनी म्हणा. साधने बदलली तरी प्रश्न तोच राहतो. मुलाच्या वाक्याला तपासनिसाऐवजी वाचक मिळतो की नाही?

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील वसतिगृहाचे काम पाहताना ते मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढीत. एका वसतिगृहापुरते, एकाच प्रतीचे असे ते दैनिक होते. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी चालविले. एका शिक्षकाने दिवसभर शिकवून रोज असे दैनिक लिहावे, यामागील माया आणि कष्ट यांविषयी दुमत होणार नाही. परंतु एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. त्या दैनिकाचे मुख्य लेखक गुरुजी होते आणि मुले वाचक होती. मुलांना लेखकाच्या जागी बसविण्याचे पुढचे पाऊल आपल्या शाळांनी फार थोड्या ठिकाणी उचलले. हस्तलिखिते पुष्कळ निघाली. पण वार्षिक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते त्यांचे प्रकाशन व्हायचे, टाळ्या पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी ते देखणे बाड मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद व्हायचे. ज्यांनी ते लिहिले त्यांनाही ते पुन्हा हाती लागत नसे.

डोंगरातले गाव आणि समुद्रावरचे गाव

हे पुढचे पाऊल टाकणाऱ्यांत सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच प्राथमिक शिक्षकाचे नाव अग्रभागी येते. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती. १९२० मध्ये दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू या डोंगराळ खेड्यात तो शिक्षक झाला. तासभर बोलत राहण्याइतका दम छातीत नव्हता, तेव्हा मुलांना बाहेर फिरावयास न्यायचे, परतल्यावर त्यांनी पाहिलेले त्यांच्याच शब्दांत लिहावयाचे, असा क्रम त्याने सुरू केला. १९२४ च्या सुमारास त्याने वर्गात एक छोटासा हातछापखाना आणला. मुले स्वतः खिळे जुळवू लागली. स्वतःचे वाक्य शिशाच्या एकेका अक्षराने उभे करताना जी सावधगिरी अंगी येते, ती शुद्धलेखनाच्या शंभर तासांनी येत नाही. जुळाऱ्याची एक चूक साऱ्या प्रतींत उतरते, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही.

मात्र छापखाना हा या कथेचा अर्धाच भाग आहे. पुढे फ्रेनेच्या वर्गाचा पत्रव्यवहार ब्रिटनीच्या किनाऱ्याकडील एका गावातील रने दानियेल या शिक्षकाच्या वर्गाशी सुरू झाला. डोंगरातली मुले आपली छापलेली पाने समुद्राकडे पाठवू लागली आणि समुद्राकडची पाने डोंगरात येऊ लागली. आता लिखाणाला मागणी निर्माण झाली. समुद्र न पाहिलेल्या मुलाला समुद्राकाठच्या मुलाकडून काहीतरी हवे होते. आणि समुद्राकाठच्या मुलाला प्रथमच जाणवले, की रोज डोळ्यांसमोर असलेली आपली होडी, आपले जाळे, आपल्या बापाचे काम ही सांगण्याजोगी गोष्ट आहे. ज्याला ते ठाऊक नाही अशा माणसाला सांगावयाचे असल्याने अर्धवट सांगून भागत नव्हते. पलीकडून लगेच प्रश्न येत. प्रश्नाला उत्तर देण्यासाठी पुन्हा बाहेर जाऊन पाहावे लागे.

अशीच गोष्ट पुढे इटलीत घडली आणि तिने फार मोठी उंची गाठली. पो नदीच्या खोऱ्यातील व्हो या खेड्यात मारिओ लोदी हा फ्रेनेच्या पठडीतला प्राथमिक शिक्षक होता. वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या चिमण्यांवरून त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मिळून ‘चिपी’ ही एका चिमणीची कथा रचली. ती १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि इटलीतील मुलांच्या पिढ्यांनी वाचली. हा लोदी १९६३ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना या वस्तीवर गेला. तेथे लोरेन्झो मिलानी नावाचा धर्मगुरू, सरकारी शाळांनी नापास करून हाकलून दिलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवीत असे. दोन्ही वर्गांनी एकमेकांना पत्रे लिहावयाची ठरले. लोदीच्या लहानग्यांना उत्तर कसे लिहावे, या विचारातून बार्बियानाच्या मुलांनी सामूहिक लेखनाची पद्धत सिद्ध केली. आणि त्याच पद्धतीने त्यांच्यातील आठ जणांनी लिहिलेले, शाळेत नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून असलेले पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ते मराठीतही ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे.

चिठ्ठ्यांचे ढीग

या पद्धतीचा तपशील मुद्दाम सांगण्याजोगा आहे; कारण ‘सर्वांनी मिळून लिहा’ असे म्हटल्याने सर्व जण मिळून लिहीत नाहीत. बार्बियानाची मुले सतत जवळ चिटोरे बाळगीत. मनात आलेला एक विचार एका चिठ्ठीवर, दुसरा दुसऱ्या चिठ्ठीवर. मग साऱ्यांच्या चिठ्ठ्या एका मोठ्या टेबलावर पसरावयाच्या. एकच गोष्ट दोघांनी लिहिली असेल तर त्यातली एक काढावयाची. एकमेकींशी नाते असलेल्या चिठ्ठ्यांचे ढीग करावयाचे. ढीग म्हणजे प्रकरण. ढिगातले छोटे ढीग म्हणजे परिच्छेद. ज्या ढिगाला नाव देता येत नाही, तो मोडावयाचा. त्यानंतर लिखाण, आणि लिखाणानंतर खरे काम, म्हणजे काटछाट. जादा विशेषण, दुसऱ्यांदा आलेला मुद्दा, उगाच वापरलेला अवघड शब्द, एका वाक्यात कोंबलेल्या दोन गोष्टी, आणि अर्थातच जे खरे नाही ते, असे सर्व हुडकून काढावयाचे. शेवटी बाहेरच्या माणसांना, शक्यतो फारसे न शिकलेल्यांना बोलावून ते मोठ्याने वाचून दाखवावयाचे आणि त्यांना नेमके आपल्याला म्हणायचे तेच कळले की नाही हे पाहावयाचे.

यात प्रतिभेला फारसे स्थान नाही, याकडे लक्ष द्यावे. सुतारकीसारखे हे काम आहे. म्हणूनच ते सर्वांना येते. ज्याचे अक्षर किरटे आहे पण ज्याने विहिरीवरच्या मोटारीची दुरुस्ती पाहिली आहे, त्याची चिठ्ठी आणि जिचे अक्षर मोत्यासारखे आहे तिची चिठ्ठी टेबलावर सारख्याच मानाने पडते. आपल्याकडील हस्तलिखितांत नेमके उलटे होते. सुंदर अक्षराची मुलगी लिहिते, चित्रे काढणारा एक मुलगा कडेला वेलबुट्टी काढतो, आणि उरलेल्या अठ्ठावीस जणांची फक्त नावे शेवटच्या पानावर येतात. त्याला श्रमविभागणी म्हणता येत नाही. ती दोघांच्या श्रमांवर उभी असलेली कंपनी होय. यावर उपायही साधा आहे: लिहिण्याची, विचारून येण्याची, मोजण्याची, तपासण्याची पाळी दर आठवड्याला फिरती ठेवणे. अक्षर थोडे वाईट दिसेल. दिसू द्यावे.

बार्बियानाच्या त्या पुस्तकात शेतकऱ्यांची मुले कोणत्या इयत्तेत किती गळतात याची आकडेवारी होती, आणि ती इतकी चोख होती, की इटलीतील भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेने तिचा पुरस्कार देऊन गौरव केला. नापास ठरलेल्या मुलांनी हे केले, एवढे ध्यानात आले तरी पुरे.

‘मले’ की ‘मला’?

येथे एक आक्षेप हमखास येतो. ज्या मुलांना धड वाचता येत नाही, त्यांना वर्तमानपत्र काढावयास काय सांगता? आक्षेपामागची वस्तुस्थिती नाकारता येत नाही. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते; कोविडकाळातील शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर घसरले, आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे पाचवीची निम्मी मुले अजूनही अडलेलीच आहेत. परंतु आधी वाचन पक्के, मग लेखन, हा क्रमच मुळात तपासून पाहावयास हवा. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकविणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दाखवून दिले, की मुलाने स्वतः मागितलेला शब्द, मग तो भीतीचा असो वा मायेचा, ते एका दृष्टिक्षेपात वाचू लागते. छापील पुस्तकातला परका शब्द मात्र दहादा घोटूनही विसरते. आपल्याकडे फलटण येथे भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कमला निंबकर बालभवनाने, आणि कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला अभ्यासक्रमात मानाची जागा दिली. स्वतःचे वाक्य हेच मुलाचे पहिले वाचनपुस्तक होऊ शकते.

मग प्रश्न येतो भाषेचा. बुलढाणा जिल्ह्यातील मूल ‘मले’, ‘तुले’, ‘माह्या’ असे बोलते. त्याने लिहिलेला मजकूर भिंतीवर लावताना गुरुजींच्या हातातील लाल पेन आपोआप ‘मला’, ‘तुला’, ‘माझ्या’ करीत जाते. प्रमाणभाषा मुलाला यावयास हवी, याविषयी शंका नको. तिच्यावाचून पुढच्या परीक्षा, अर्ज, नोकऱ्या यांची दारे उघडत नाहीत, आणि ती दारे बंद ठेवून बोलीचे कौतुक करणे ही सुखवस्तूंची चैन आहे. पण लाल पेन हे तिच्याकडे नेणारे साधन आहे, हा समज चुकीचा आहे. आजीचे बोलणे लिहिताना ते आजीच्याच शब्दांत हवे, आणि दूरच्या जिल्ह्यातील मुलाला ते समजावे म्हणून त्याच्या शेजारी वर्गाचे निवेदन प्रमाणभाषेत हवे, हा विवेक मुलांना वाचक डोळ्यांसमोर असला की सहज सुचतो. दोन भाषारूपे दोन कामांसाठी असतात, हे व्याकरणाच्या तासापेक्षा तेथे चांगले कळते. लाल पेनाने केवळ एवढेच कळते, की घरी बोलतात ते चूक असते.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. मुले खरे लिहू लागली, की घरचे लिहू लागतात. हा पश्चिम विदर्भाचा पट्टा आहे. सोयाबीनचा भाव पडला की घरात काय होते, सावकाराचा वा बँकेचा माणूस आला की आई काय सांगावयास लावते, बाप कोणत्या दिवशी पिऊन येतो, हे आठ वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्यांतील घरे उजाड केली, त्यांत बुलढाणाही आहे. अशी चिठ्ठी टेबलावर आली तर शिक्षकाने काय करावे? ती फेकून दिली तर मूल पुन्हा ‘गाय’ लिहू लागेल. भिंतीवर लावली तर गावात त्या घराची लाज निघेल. तेव्हा लेखनाला तीन खोल्या हव्यात: एक, जेथे फक्त मूल आणि त्याचे शिक्षक, दुसरी, जेथे वर्ग, आणि तिसरी, जेथे बाहेरचे जग. कोणती चिठ्ठी कोणत्या खोलीत जाईल, हे मुलाला विचारून ठरवावे. सामूहिक लेखनाचे सारे संपादकीय शहाणपण या एका निवडीत आहे, आणि ती निवड परिपत्रकाने करता येत नाही.

भिंतीचा आणि पडद्याचा फरक

गेल्या दशकात तिसऱ्या खोलीचे दार अचानक सताड उघडले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. त्याआधीच, २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या सुमारास जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांनी हौसेने, पदरमोड करून अनुदिन्या काढल्या होत्या. त्यांतून एकशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला दुसऱ्या टोकाच्या शिक्षकाची स्वाध्यायपत्रिका मिळू लागली, ही थोडी सेवा नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविला; त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अन्य अंतिम स्पर्धकांत वाटून दिली, हेही या राज्याने अभिमानाने पाहिले.

तरीही एक हिशेब मांडावा लागेल. या साऱ्या यंत्रणेतून मुलापर्यंत येणाऱ्या मालाची आवक वाढली. मुलाकडून बाहेर जाणाऱ्या मालाची जावक तशीच राहिली. चित्रफिती, कविता, प्रश्नपेढ्या असे सर्व मुलाकडे येते. मुलाकडून जाते ते छायाचित्र: हातात फलक धरून रांगेत उभी असलेली मुले, मधोमध पाहुणे. शाळेने उपक्रम केला याचा तो पुरावा असतो, मुलाने काही म्हटले याचा नसतो. त्याला अंगठ्यांची आणि फुलांची चिन्हे मिळतात. ती प्रशंसा असेल, उत्तर नव्हे. ब्रिटनीच्या मुलाने फ्रेनेच्या मुलाला फुले पाठविली असती तर तो पत्रव्यवहार एका आठवड्यात संपला असता.

शिवाय भिंत आणि पडदा यांच्यात एक मूलभूत भेद आहे. भिंतीवरचा कागद गावातील माणसे वाचतात आणि तो पावसाळ्यात गळून पडतो. पडद्यावरचे लिहिणे कोण वाचतो हे ठाऊक नसते आणि ते गळून पडत नाही. दहाव्या वर्षी लिहिलेले वाक्य विसाव्या वर्षी त्या मुलीसमोर कोणी नाचवावे, हे कोणत्याही शिक्षकाला मान्य होणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट घातली, ती रास्तच आहे. पण कायद्याची वाट न पाहता वर्गाला पाळता येण्याजोगा नियम साधा आहे: मुलाचे आडनाव नको, चेहरा नको, घराचा पत्ता नको, लेखक म्हणून वर्गाचे नाव. सामूहिक लेखनाला हे मुळातच सोयीचे आहे. आणि वाचक म्हणून सारे जग नको. एक वर्ग पुरे.

सुलतानपूरहून पत्र

तो एक वर्ग कोणता असावा? सुलतानपूरच्या एखाद्या चौथीच्या वर्गापुरते बोलावयाचे तर रायगड अथवा पालघर जिल्ह्यातील मिठागराच्या गावातील चौथीचा वर्ग त्याला शोधून द्यावा. एका बाजूला समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेले खारे तळे. दुसऱ्या बाजूला समुद्राचे पाणी आगरात घेऊन पिकविलेले मीठ. एकीकडे सोयाबीन, कपाशी, तूर. दुसरीकडे भात आणि मासळी. पंधरा दिवसांनी एक पत्र जावे, पंधरा दिवसांनी एक यावे. टपालाने गेले तर मुलांना वाट पाहण्याचा आनंद मिळेल. शिक्षकाच्या दूरध्वनीवरून कागदाचे छायाचित्र गेले तर खर्चच नाही. कागद मात्र हवाच. चिठ्ठ्यांचे ढीग पडद्यावर करता येत नाहीत. निदान नवव्या वर्षी तरी नाहीत.

पैशाचा खर्च म्हणून जो आहे तो कागदाचा आणि रंगीत पेनांचा. खरा खर्च वेळेचा आहे, आणि याबाबत शिक्षकांची तक्रार सर्वस्वी खरी आहे. ‘सरल’, ‘यू-डायस’, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणूक, सर्वेक्षणे यांत ज्या दोन शिक्षकांचा दिवस जातो, त्यांनी चार इयत्तांना एकत्र बसवून चिठ्ठ्या कधी लावाव्यात? त्यांच्या माथी आणखी एक उपक्रम आणि त्याचा आणखी एक अहवाल मारला, तर तो पहिल्याच महिन्यात छायाचित्रापुरता उरेल. त्यातल्या त्यात जागा आहे ती शनिवारी. राज्याने २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला; त्यातील एक तास कोणताही अहवाल न मागता या कामाला मिळाला, आणि निबंधाची वही त्या प्रमाणात हलकी झाली, तर शिक्षकावर नवा भार पडत नाही. अधिकाऱ्यांनी करावयाचे काम एकच: मागू नये.

दूरध्वनीचा खरा उपयोग मात्र एका वेगळ्याच ठिकाणी आहे. दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडणारी कुटुंबे या भागात आहेत. ऊसतोडीच्या टोळीबरोबर वा वीटभट्टीवर गेलेल्या मुलाची वर्गातली जागा चार-पाच महिने रिकामी राहते आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे फुल्या पडतात. परतल्यावर ते मागे पडलेले असते, म्हणून गप्प बसते, म्हणून आणखी मागे पडते. अशा मुलाला वर्गाच्या पत्रात ‘आमचा दूरचा बातमीदार’ नेमता येईल. उसाची मोळी किती वजनाची, कोयता कोण धरतो, गाडी रात्री किती वाजता भरतात, कारखान्याच्या वजनकाट्यावर किती वेळ उभे राहावे लागते, हे त्याच्याइतके वर्गात कोणाला ठाऊक नाही. त्याच्या बापाच्या दूरध्वनीवरून चार वाक्ये बोललेली आली तरी वर्ग ती लिहून घेऊ शकेल. त्यामुळे बुडालेली शाळा भरून निघणार नाही. परंतु परत आल्यावर ज्याच्याकडे काही विचारावयाचे आहे असे तीस जण त्याच्यासाठी थांबलेले असतील.

आणि मिठागराकडून पहिले प्रश्न काय येतील, याचा अंदाज करणे अवघड नाही. तुमचे तळे खारे आहे, तर त्यात मासे आहेत का? त्याचे मीठ काढता येते का? यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाहीत. त्यासाठी मुलांना लोणारला जाऊन विवर उतरावे लागेल, काठावरच्या गोड्या पाण्याच्या धारेची आणि तळातल्या खाऱ्या पाण्याची चव मनात ठेवावी लागेल, म्हाताऱ्या माणसांना गाठावे लागेल. या तळ्याच्या क्षारांचा उपयोग काच आणि साबण करण्यासाठी होतो, अशी नोंद अकबराच्या काळातील ‘ऐने-अकबरी’त आहे, हे बाईंनी त्या वेळी सांगितले तर ते कायमचे लक्षात राहील, एरवी ते आणखी एक पाठ करावयाचे वाक्य आहे.

मग केव्हातरी सुलतानपूरची मुले २०२० च्या जून महिन्याविषयी लिहितील. आजच्या चौथीतल्या मुलांना तो आठवणार नाही; थोरल्या भावंडांना, आजीला विचारून लिहावे लागेल. पाणी गुलाबी झाले होते, असे ते पत्र सांगेल. जगभरच्या मिठागरांत मीठ पिकण्याच्या सुमारास पाण्यावर लालसर झाक येते आणि ती अशाच क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची असते. आगरात बापाबरोबर गेलेल्या एखाद्या मुलीने ती पाहिलेली असेल, आणि आजवर कोणाला सांगितली नसेल. कारण कोणी विचारलेच नव्हते. पंधरा दिवसांनी तिकडून उत्तर येईल, की असे पाणी आमच्याकडेही होते.